क्षमेला कारण लागते

२० जानेवारी २०२५ या एकाच दिवशी अमेरिकेच्या दोन अध्यक्षांनी माफीचा अधिकार वापरला. पद सोडायला काही मिनिटे उरली असताना जो बायडेन यांनी आपल्या भावाबहिणींना आगाऊ माफी दिली. त्यांच्यावर तोवर कोणताही खटला भरलेला नव्हता. संध्याकाळी डोनाल्ड ट्रम्प यांनी ६ जानेवारी २०२१ च्या कॅपिटॉलवरील हल्ल्यातील सुमारे दीड हजार जणांना सरसकट माफ केले आणि आणखी १४ जणांची उरलेली शिक्षा रद्द केली. त्या हल्ल्यात सुमारे १४० पोलीस जखमी झाले होते. राजद्रोही कटाबद्दल ‘प्राउड बॉइज’च्या म्होरक्याला २२ वर्षांची शिक्षा झाली होती, ‘ओथ कीपर्स’च्या म्होरक्याला १८ वर्षांची. दोघेही सुटले. न्यायालयात चाललेले शेकडो खटले एका सहीने निकालात निघाले.

या दोन कृती सारख्या वजनाच्या नाहीत. सत्तांतर रोखण्यासाठी संसदेत घुसलेल्यांना ज्याच्यासाठी ते घुसले त्यानेच सोडवणे हा गणराज्याच्या मुळावरचा घाव आहे. पण बायडेन यांनाही दोषमुक्त करता येणार नाही. मुलाला माफी देणार नाही, असे ते जाहीरपणे सांगत आले होते. १ डिसेंबर २०२४ रोजी त्यांनी ती दिली आणि दिली तीही कशी, तर २०१४ पासून त्या दिवसापर्यंत त्याने केलेल्या किंवा केले असतील अशा सर्व संघीय गुन्ह्यांना. ट्रम्प सूड उगवतील ही त्यांची भीती खोटी नव्हती. तरीही ज्या देशात हजारो सामान्य कैदी न्याय खात्याच्या माफी कार्यालयाकडे अर्ज करून वर्षानुवर्षे ताटकळत असतात, तिथे अध्यक्षांचा मुलगा त्या रांगेत कधी उभाच राहिला नाही, हे सत्य त्या भीतीने पुसले जात नाही.

पुढच्या वर्षभरात ही रांग जवळजवळ निरर्थक झाली. माफी कार्यालयाच्या प्रमुखांना मार्च २०२५ मध्ये काढून टाकण्यात आले. त्याच महिन्यात ‘निकोला’ या वाहन कंपनीचे संस्थापक ट्रेव्हर मिल्टन यांना माफी मिळाली. गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल ते दोषी ठरले होते, आणि त्या गुंतवणूकदारांसाठी सरकारी वकिलांनी मागितलेली कोट्यवधी डॉलरची भरपाईही माफीबरोबर बुडाली. ऑक्टोबरमध्ये ‘बायनान्स’ या क्रिप्टो कंपनीचे संस्थापक चँगपेंग झाओ यांना माफी मिळाली. डिसेंबरच्या सुरुवातीला होंडुरासचे माजी अध्यक्ष हुआन ऑर्लांडो हर्नांडेझ तुरुंगाबाहेर आले. अमेरिकेत शेकडो टन कोकेन पोहोचवण्यास मदत केल्याबद्दल न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्यांना २०२४ मध्ये ४५ वर्षांची शिक्षा दिली होती. अमली पदार्थांच्या तस्करीचे कारण सांगून कॅरिबियन समुद्रात माणसे असलेल्या बोटी उडवल्या जात होत्या, त्याच आठवड्यांतली ही गोष्ट. अशा माफीचा फटका ज्यांना बसतो ते कोणाच्या नजरेत येत नाहीत: पैसे बुडालेला गुंतवणूकदार, डोक्यावर दांडके बसलेला पोलीस, साक्ष देण्याचे धाडस केलेला माणूस. माफीच्या आदेशात त्यांचे नावही नसते.

अमेरिकेच्या घटनाकारांना हे सुचले नव्हते असे नाही. १७८७ च्या फिलाडेल्फिया परिषदेत एडमंड रँडॉल्फ यांनी राजद्रोहाचे गुन्हे माफीच्या कक्षेतून वगळण्याची सूचना मांडली होती. अध्यक्ष स्वतःच त्या कटात असला तर काय, हा त्यांचा प्रश्न होता. जेम्स विल्सन यांचे उत्तर असे की, तसे असेल तर त्याच्यावर महाभियोग चालवता येईल आणि खटलाही भरता येईल. सूचना फेटाळली गेली. पुढच्या वर्षी व्हर्जिनियात जॉर्ज मेसन यांनी तोच धोका अधिक स्पष्ट शब्दांत मांडला: आपणच करायला लावलेले गुन्हे अध्यक्ष माफ करील आणि चौकशी सुरू होण्याआधीच तिचे तोंड बंद करील. जेम्स मॅडिसन यांनी पुन्हा महाभियोगाकडेच बोट दाखवले. अलेक्झांडर हॅमिल्टन यांचा युक्तिवाद निराळा होता. बंडाळीच्या वेळी नेमक्या क्षणी दिलेली माफी शांतता परत आणू शकते. तो क्षण सभागृहाच्या चर्चेत निसटतो, म्हणून अधिकार एकाच हाती हवा.

हॅमिल्टन यांचे म्हणणे आजही पटण्यासारखे आहे. व्हिएतनाम युद्धाच्या सक्तीच्या भरतीतून पळालेल्या तरुणांना जिमी कार्टर यांनी १९७७ मध्ये पदावर आल्याच्या दुसऱ्याच दिवशी माफी दिली, ती याच जातीची होती. फाटलेला देश सांधण्याचा तो प्रयत्न होता आणि त्यात कार्टर यांचा खासगी लाभ काहीही नव्हता. बायडेन यांनी संघीय मृत्युदंडाच्या यादीतील ४० पैकी ३७ जणांची फाशी जन्मठेपेत बदलली, त्यावर मतभेद असतील, पण तो एका तत्त्वावर उभा निर्णय होता. न्यायालये चुकतात, कायदे कठोर असतात, माणसे बदलतात. म्हणून क्षमेचा अधिकार असलाच पाहिजे. वाद आहे तो त्याला जाब विचारण्याच्या वाटेचा.

ती वाट मॅडिसन यांनी महाभियोगाची सांगितली, आणि ती गेल्या सव्वादोनशेहून अधिक वर्षांत एकदाही शेवटपर्यंत गेली नाही. सिनेटने आजवर एकाही अध्यक्षाला दोषी ठरवलेले नाही. कॅपिटॉलवरील हल्ल्यानंतर ट्रम्प यांच्याविरुद्ध ५७ मते पडली. हवी होती ६७. न्यायालयांनी तर आपला दरवाजा फार पूर्वीच बंद केला. गारलँड खटल्यात, १८६७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की महाभियोगाचा अपवाद सोडला तर हा अधिकार अमर्याद आहे आणि काँग्रेस त्याला आवर घालू शकत नाही. १ जुलै २०२४ च्या निकालात त्याच न्यायालयाने अध्यक्षांच्या गाभ्याच्या अधिकारांबाबत त्यांना फौजदारी कारवाईपासून पूर्ण संरक्षण दिले, आणि माफी ही त्या गाभ्यातलीच. म्हणजे पैसे घेऊन माफी विकली तरी त्या कृतीबद्दल अध्यक्षावर खटला चालवणे जवळपास अशक्य. विल्सन यांच्या उत्तराचा दुसरा अर्धा भागही असा गेला.

मेसन यांची भीती एकदा अक्षरशः खरी झाली होती, ती १९९२ च्या नाताळच्या आदल्या दिवशी. इराण-काँट्रा प्रकरणात माजी संरक्षणमंत्री कॅस्पर वाइनबर्गर यांचा खटला काही दिवसांवर आला असताना थोरले बुश यांनी त्यांना आणि आणखी पाच जणांना माफ केले. ते प्रकरण घडले तेव्हा बुश स्वतः उपाध्यक्ष होते. खटला चालला असता तर कोणती माहिती साक्षीत बाहेर आली असती, हे आता कधीच कळणार नाही. त्याआधी १९७४ मध्ये जेराल्ड फोर्ड यांनी निक्सन यांना दिलेली माफीही आमच्या मते चूकच होती, कारण वॉटरगेटचा पूर्ण हिशेब न्यायालयात मांडला जाण्याआधीच ती आली. पण एक गोष्ट फोर्ड यांच्या बाजूने नोंदवलीच पाहिजे. माफीची कारणे त्यांनी लोकांसमोर मांडली आणि पुढच्याच महिन्यात स्वतः प्रतिनिधीगृहाच्या उपसमितीसमोर बसून प्रश्नांची उत्तरे दिली. आज असे काही अपेक्षिणेही भाबडेपणाचे वाटते, यावरून अमेरिका किती घसरली आहे ते कळावे.

भारताने या बाबतीत वेगळी वाट धरली, आणि तिचा अभिमान बाळगावा अशी ती आहे. अनुच्छेद ७२ नुसार राष्ट्रपतींना आणि १६१ नुसार राज्यपालांना क्षमेचा अधिकार आहे, पण तो त्यांच्या मर्जीचा नाही. मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने तो वापरायचा असतो. मारू राम खटल्यात घटनापीठाने हे निःसंदिग्धपणे सांगितले. इंदिरा गांधी हत्या प्रकरणातील केहर सिंग यांच्या अर्जावर न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले: राष्ट्रपतींच्या निर्णयाच्या गुणावगुणात आम्ही जाणार नाही, पण अधिकाराच्या मर्यादा कोणत्या हे न्यायालयच ठरवील.

या मर्यादांचा पहिला मोठा धडा मुंबईत गिरवला गेला. मार्च १९६० मध्ये उच्च न्यायालयाने नौदल अधिकारी कावस नानावटी यांना जन्मठेप दिली आणि त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी ती शिक्षा स्थगित केली, जेणेकरून नानावटी तुरुंगाऐवजी नौदलाच्या ताब्यात राहतील. आरोपी लोकप्रिय, नौदल त्याच्या पाठीशी, वृत्तपत्रांची मोहीम जोरात. तरीही सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने राज्यपालांना थांबवले: अपील न्यायालयासमोर असताना शिक्षेच्या स्थगितीचा निर्णय न्यायालयाचा. पुढे नानावटींना विजयालक्ष्मी पंडित राज्यपाल असताना माफी मिळाली, पण ती न्यायप्रक्रिया पूर्ण झाल्यावर. हा फरक महत्त्वाचा आहे.

२००६ चा एपुरू सुधाकर निकाल तर प्रत्येक राजभवनाच्या भिंतीवर लावण्यासारखा आहे. खुनाच्या प्रकरणात शिक्षा भोगत असलेल्या एका काँग्रेस कार्यकर्त्याची उरलेली शिक्षा आंध्र प्रदेशच्या राज्यपालांनी माफ केली होती. त्या वेळी या पदावर महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री सुशीलकुमार शिंदे होते. सल्ला अर्थातच राज्य सरकारचा. माफीसाठीच्या सरकारी अहवालात तो ‘चांगला काँग्रेस कार्यकर्ता’ असल्याची नोंद होती. न्यायमूर्ती अरिजित पसायत आणि एस. एच. कपाडिया यांनी आदेश रद्द केला. विचार न करता, दुष्ट हेतूने, गैरलागू कारणांवरून किंवा आवश्यक कागद दडवून दिलेली माफी टिकणार नाही, हे त्यांनी स्पष्ट केले. जात, धर्म वा पक्षनिष्ठा पाहून क्षमा होऊ लागली की कायद्याचे राज्य संपते, हे सांगायला ते कचरले नाहीत. ही कसोटी अमेरिकेला लावून पाहा: ६ जानेवारीच्या दीड हजार माफ्यांपैकी किती टिकल्या असत्या?

जानेवारी २०२४ मध्ये बिल्किस बानो प्रकरणात याच विचाराने अकरा दोषींना परत तुरुंगात पाठवले. ती राष्ट्रपतींची माफी नव्हती, फौजदारी प्रक्रिया संहितेखालची शिक्षेतील सूट होती. आणि गुजरात सरकारला ती देण्याचा अधिकारच नव्हता, कारण खटला मुंबईत चालला, शिक्षा मुंबईत झाली, म्हणून निर्णय महाराष्ट्राचा. हार घालून ज्यांचे स्वागत झाले होते त्यांना दोन आठवड्यांत शरण यावे लागले. एका स्त्रीच्या याचिकेने हे घडू शकले, ते सरकारची कृपा तपासायला न्यायालय तयार होते म्हणून.

ही तपासणी केवळ माफी रद्द करण्यासाठी नसते, हेही लक्षात घ्यावे. दयेचा अर्ज वर्षानुवर्षे पडून राहिला, मुख्यतः या कारणाने २०१४ मध्ये शत्रुघ्न चौहान निकालाने पंधरा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातील बहिणींची फाशी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याच कारणाने रद्द केली. पुण्यातील बीपीओ कर्मचारी तरुणीच्या हत्येतील दोघांची फाशीही विलंबाचा दोष सरकारच्या माथी ठेवून उच्च न्यायालयाने रद्द केली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. या गुन्ह्यांचा विचार मनात आला तरी अंगावर काटा येतो, आणि फाशी टळल्याने मृतांच्या नातेवाइकांना काय वाटले असेल ते आम्ही जाणतो. पण फायलींवर बसून राहिलेल्या मंत्रालयाला त्याबद्दल उत्तर द्यायला लावणारे दुसरे कोणी नव्हते.

म्हणूनच १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील कलम ४७२ चे सातवे पोटकलम आम्हाला अस्वस्थ करते. राष्ट्रपती वा राज्यपालांच्या आदेशाविरुद्ध अपील नाही, तो अंतिम, आणि तो निर्णय कसा झाला या प्रश्नाची चौकशी कोणत्याही न्यायालयात होणार नाही, असे ते म्हणते. याच कलमात फाशीच्या कैद्याने अर्ज करायला ३० दिवस आहेत, केंद्राने शिफारस करायला ६० दिवस आहेत. राष्ट्रपतींच्या निर्णयाला मात्र कोणतीही मुदत नाही. म्हणजे विलंब होऊ शकतो, पण विलंबाचा जाब विचारायचा नाही. साधा कायदा संविधानाच्या ३२ आणि २२६ या अनुच्छेदांवर कुरघोडी करू शकत नाही. न्यायालयीन पुनर्विलोकन मूलभूत चौकटीचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. तेव्हा आव्हान मिळाले तर हे पोटकलम शब्दशः टिकणे कठीण. पण सरकारने ते लिहिलेच का? एपुरू सुधाकरपासून बिल्किस बानोपर्यंतचे निकाल कोणाला अडचणीचे वाटले?

अमेरिकेला आपली चूक दुरुस्त करायची तर घटनादुरुस्ती हवी: दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि ५० पैकी ३८ राज्यांची संमती. निक्सन माफीनंतर सिनेटर वॉल्टर माँडेल यांनी काँग्रेसला दोन तृतीयांश मतांनी माफी फेटाळता यावी, असा प्रस्ताव आणला होता. तो तिथेच विरला, आणि आजच्या दुभंगलेल्या अमेरिकेत त्याला पुन्हा जीव येण्याची चिन्हे नाहीत. आपल्याला एवढे काही करावे लागणार नाही. संसदेने ४७२ चे सातवे पोटकलम काढून टाकावे आणि राष्ट्रपतींकडील अर्जांना मुदत घालावी. शिवाय प्रत्येक माफी वा नकारासोबत मंत्रिमंडळाचा सल्ला कोणत्या कारणांवर होता याची नोंद प्रसिद्ध करावी, पीडितांना त्याची प्रत द्यावी. या शेवटच्या गोष्टीसाठी तर कायदाही लागत नाही. महाराष्ट्र सरकार ती पुढच्या अर्जापासून सुरू करू शकते.