मजुरीला गेलेल्याचं गाव कोणतं?

स्तंभ : कायदा आणि गावगाडा

धारहून मांडूला जाताना वाटेत नालछा लागतं. पर्यटक इथे फारसे थांबत नाहीत. चहा घेतला की मांडूच्या दरवाजांकडे निघतात. आज हे विकासखंडाचं ठिकाण आहे, आणि आसपासच्या टेकड्यांवर भिल-भिलाल्यांच्या वस्त्या पसरल्या आहेत. १८१८ साली, पेशवाई बुडाली त्या सुमारास, हे गाव बरंचसं उजाड होतं. सर जॉन माल्कम नावाचा इंग्रज सेनाधिकारी तेव्हा माळव्याचा कारभार लावत होता. त्याची छावणी महूला होती, पण इथल्या सुलतानी काळातल्या एका पडक्या महालाची डागडुजी करून त्याने नालछ्यातही मुक्काम केला. त्याच वर्षी जूनमध्ये दुसरा बाजीराव शरण आला तो याच माल्कमला. पुढे माल्कम मुंबईचा गव्हर्नर झाला. महाबळेश्वरची माल्कम पेठ त्याच्याच नावाची.

माल्कमला नालछ्यात राहण्यासाठी कोणी दाखला मागितला नाही. त्या काळी संस्थानिकाच्या दरबाराशेजारी बसणाऱ्या कंपनीच्या वकिलाला ‘रेसिडेंट’ म्हणत. तो त्या मुलखात राहायचा, पण त्या मुलखाचा नसायचा; तरी राजाच्या वारसापासून फौजेच्या खर्चापर्यंत शब्द त्याचा चालायचा. पुण्यात संगमावरच्या रेसिडेन्सीत एल्फिन्स्टन असाच बसला होता. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली त्या दिवशी मराठ्यांनी ती जाळली. इंदूरच्या रेसिडेन्सीवर १ जुलै १८५७ ला हल्ला झाला आणि कर्नल ड्युरँडला सीहोरकडे पळ काढावा लागला. लोकांचा राग नेमका त्या इमारतींवर निघाला, यात मला नवल वाटत नाही. इंदुरात त्या भागाला आजही रेसिडेन्सी एरिया म्हणतात आणि बड्या अधिकाऱ्यांचे बंगले तिथेच आहेत.

राहणं आणि त्या जागेवर हक्क असणं यांची अशी फारकत आपल्या सार्वजनिक जीवनात फार जुनी आहे. फक्त बाजू उलटली आहे. तेव्हा बाहेरून आलेला बलवान माणूस काही सिद्ध न करता राहत होता. आज पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या दुबळ्या माणसाला आपण इथलेच आहोत हे पुन्हा पुन्हा सिद्ध करावं लागतं. या आठवड्यात मला त्याविषयीच लिहायचं आहे.

आधी त्या शरण आलेल्या बाजीरावाकडेच पाहू. त्याचा जन्म १७७५ सालचा, आणि तो पुण्यातला नव्हे, धारच्या किल्ल्यातला. त्याची आई आनंदीबाई हिला तेव्हा धारच्या पवारांच्या आश्रयाला राहावं लागलं होतं. त्याने राज्य केलं पुण्यात, आणि मेला १८५१ साली गंगेकाठी ब्रह्मावर्ताला. म्हणजे जन्म एकीकडे, सत्ता दुसरीकडे आणि आयुष्याची शेवटची तेहतीस वर्षं तिसरीकडे. हा माणूस कुठला, असं विचारलं तर आपण बेधडक पुण्याचा म्हणतो. जन्मस्थान आपण सहज सोडून देतो आणि ब्रह्मावर्ताची तेहतीस वर्षंही.

संविधानाने या प्रश्नाचा एक भाग सोडवला. कलम १५ म्हणतं की जन्मस्थानावरून सरकारने कोणाशी भेदभाव करू नये. निवासाचा उल्लेख मात्र तिथे नाही. ही फट पहिल्यांदा मोठ्या न्यायालयात उघडी पडली ती आपल्याच माळव्यात. इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात १९५२ साली डी. पी. जोशी नावाच्या दिल्लीच्या विद्यार्थ्याने प्रवेश घेतला. मध्य भारत सरकारचा नियम असा, की राज्यातल्या विद्यार्थ्याला कॅपिटेशन फी नाही. बाहेरच्याला आहे, आणि ती १३०० ते १५०० रुपये. १९५२ साली ही रक्कम कारकुनाच्या वर्षभराच्या पगाराच्या घरातली. जोशी सर्वोच्च न्यायालयात गेले.

या खटल्यात राज्याने ‘रहिवासी’ कोण हे कसं ठरवलं होतं ते वाचण्यासारखं आहे. ज्याचा मूळ अधिवास मध्य भारतात आहे तो रहिवासी. बाहेरून येऊन जो इथे स्थायिक झाला आणि अर्ज करताना ज्याला पाच वर्षं झाली तोही. ३० सप्टेंबर १९४८ पूर्वी पाकिस्तानातून आलेला आणि कायमचं इथेच राहू इच्छिणारा निर्वासितही रहिवासी, आणि त्याला पाच वर्षांची अट नाही. फाळणीत घरदार गमावलेल्या माणसाकडे कागद कुठून येणार, हे त्या सरकारला समजत होतं. म्हणून त्याचा इरादाच पुरावा मानला गेला. फायलीतल्या एका ओळीत एवढी माणुसकी मला फार कमी वेळा दिसली आहे.

२७ जानेवारी १९५५ ला निकाल लागला. चार विरुद्ध एक अशा बहुमताने न्यायालय म्हणालं की जन्मस्थान वेगळं आणि निवास वेगळा. निवासावरून फरक करायला कलम १५ ची आडकाठी नाही. महाविद्यालय राज्याच्या पैशावर चालतं, इथलीच मुलं शिकून इथेच डॉक्टर होतील आणि गावाच्या उपयोगी पडतील, अशी राज्याची अपेक्षा न्यायालयाला गैर वाटली नाही. न्यायमूर्ती जगन्नाथदास यांचं मत वेगळं पडलं.

मला हा निकाल पटतो, पण तो अर्धाच अंमलात आला याची खंत वाटते. रहिवाशाला सवलत मिळाली. रहिवाशाने गावाला परत काय द्यायचं, ते मात्र कोणी विचारलं नाही. आज पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थ्याला आपण ‘निवासी डॉक्टर’ म्हणतो. तो मोठ्या शहरातल्या रुग्णालयात छत्तीस-छत्तीस तास राबतो आणि त्याच्या वसतिगृहाची अवस्था पाहवत नाही. आता राष्ट्रीय नियमाने त्याला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. धारच्या भोज रुग्णालयासारख्या ठिकाणी असा एक तरुण डॉक्टर तीन महिने जरी आला तरी रात्रपाळीतल्या बाळंतिणीला फरक पडतो. १९५५ च्या निकालामागचा करार सत्तर वर्षांनी थोडासा फेडला जातोय, असं मी त्याला म्हणेन.

दरम्यान कायदा पुढे गेला. १९८४ साली प्रदीप जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भारतात अधिवास एकच, भारताचा. राज्याराज्यांचे अधिवास कायद्याला ठाऊक नाहीत. एमबीबीएसला निवासावर आधारित काही जागा राखता येतील, हे त्याच निकालात मान्य झालं. २९ जानेवारी २०२५ ला तन्वी बहल खटल्यात पदव्युत्तर प्रवेशातलं निवासावरचं आरक्षण न्यायालयाने पुरतं रद्द केलं. तरीही आपण ‘डोमिसाइल काढायला’ तहसीलला जातोच. महाराष्ट्रात त्यासाठी पंधरा वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. धार-देवासच्या मराठी घरांत हे दुखणं नेहमीचं. घरात मराठी, देवघरात खंडोबा, लग्नं कोल्हापूर-साताऱ्याकडे. मुलगा पुण्यात शिकायला गेला की तिथे परप्रांतीय. इथे तो मूळ निवासी, तिथे नाही. ही तक्रार मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे आणि ती खरी आहे. तरी ती शहाण्यासुरत्या, कागद ठेवणाऱ्या, वकील गाठू शकणाऱ्या लोकांची तक्रार आहे. तिला वाचा फुटते.

ज्यांची फुटत नाही त्यांच्याकडे वळतो.

धार, झाबुआ, अलीराजपूर या पट्ट्यातली आदिवासी कुटुंबं मक्याची-सोयाबीनची कापणी उरकली, दिवाळी झाली, की गुजरातला निघतात. बांधकामावर, वीटभट्टीवर, शेतमजुरीला. नवराबायको दोघंही जातात, लेकरं बरोबर असतात, आणि म्हातारी घर राखते. होळीच्या आधीच्या आठवड्यात भगोरियाचे हाट भरतात तेव्हा सगळे परततात. पुन्हा जातात, पुन्हा पावसाला येतात. पेरणी इथली, लग्न इथलं, देव इथला. वर्षातले किती दिवस घराबाहेर गेले याचा हिशोब मांडला तर ते बाहेरचेच ठरतील. पण असा हिशोब मांडायला कायद्याने सांगितलेलं नाही.

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० चं कलम २० मी या स्तंभाच्या प्रत्येक वाचकाने एकदा तरी वाचावं असं सुचवेन. त्यात दोन गोष्टी सोप्या शब्दांत आहेत. केवळ घर मालकीचं आहे म्हणून कोणी त्या मतदारसंघाचा ‘सामान्यतः रहिवासी’ ठरत नाही. आणि तात्पुरता बाहेर गेला म्हणून कोणाचं रहिवासी असणं संपत नाही. पहिली गोष्ट इंदुरात राहून गावात बंगला बांधणाऱ्यासाठी आहे, दुसरी नालछ्याच्या मजुरासाठी. प्रत्यक्षात घडतं उलट. बंगलेवाल्याचं नाव यादीत राहतं, कारण त्याच्या दाराला कुलूप असलं तरी वीजबिल असतं. मजुराच्या झोपडीपुढे अधिकारी उभा राहतो, आत म्हातारी असते, आणि नोंद होते : स्थलांतरित.

४ नोव्हेंबर २०२५ पासून मध्य प्रदेशासह बारा राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत मतदारयादीची विशेष सखोल फेरतपासणी सुरू झाली. घरोघर फॉर्म वाटले गेले आणि २००२ ते २००४ च्या जुन्या यादीशी नावं जुळवायला सांगितलं गेलं. दिवाळी नुकतीच संपली होती. आमच्या पट्ट्यात मजूर घराबाहेर पडतो तो हाच काळ. घरोघर फिरणाऱ्या बीएलओंना, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांना, दोष द्यायचा नाही. त्यातल्या बहुतेक शाळेतल्या शिक्षिका आणि अंगणवाडीच्या ताई आहेत, आणि त्यांच्यावर तारखांचा जबर ताण होता. दोष वेळापत्रक आखणाऱ्यांचा आहे. भगोरियाच्या हाटात एक टेबल मांडलं असतं तर आठवडाभरात जेवढी माणसं भेटली असती तेवढी महिनाभर वस्त्या पालथ्या घालून भेटली नसतील.

नाव गेलं तर फक्त मतच जातं असं नाही. धार तहसील अनुसूचित क्षेत्रात आहे. पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला जमीन, गौण खनिज, दारूचं दुकान अशा बाबींत अधिकार दिले आहेत, आणि मध्य प्रदेशाने त्याचे नियम १५ नोव्हेंबर २०२२ पासून लागू केले. ग्रामसभेचा सदस्य कोण? ज्याचं नाव पंचायतीच्या मतदारयादीत आहे तो. दोन्ही याद्या कागदावर वेगळ्या असतात, पण एकीत ‘स्थलांतरित’ लागलं की दुसरीतही शंका सुरू होते. मग खाणीच्या पट्ट्यावर हात वर करायला तो माणूसच उरत नाही.

कागदावरून माणूस असा पुसला जाताना नर्मदेच्या काठी आम्ही पाहिला आहे. कुक्षी भागातली निसरपूर, चिखल्दा ही गावं सरदार सरोवराच्या डुबीत गेली. १९७९ च्या लवादाने विस्थापित कोण हे ठरवताना, भूसंपादनाच्या अधिसूचनेआधी किमान वर्षभर तिथे राहणारा, जमीन कसणारा किंवा धंदा करणारा, असं म्हटलं होतं. चांगली व्याख्या होती, कारण तिच्यात भूमिहीनही बसत होता आणि नावाडीही. पुढे पाण्याच्या फुगवट्याची पातळी नव्याने मोजली गेली आणि हजारो कुटुंबं कागदावर डुबीबाहेर काढली गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये पाणी त्यातल्या अनेकांच्या घरात शिरलं.

आता रहिवास सिद्ध करायला लागणाऱ्या वर्षांची तुलना करून पाहा. आयकरासाठी वर्षात १८२ दिवस पुरतात. १९५५ च्या मध्य भारतात कॅपिटेशन फी माफ व्हायला पाच वर्षं पुरत होती. महाराष्ट्रात पंधरा. आणि वनहक्क कायदा, २००६ मध्ये जो आदिवासी नाही पण पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहतो, त्याला तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षं दाखवावी लागतात. पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा कागद गुराख्याने कुठून आणायचा? ज्याच्याकडे कागद सर्वांत कमी, त्याच्याकडे सर्वांत जास्त वर्षं मागायची, हा अन्याय आहे आणि तो बदलला पाहिजे.

मध्यंतरी एका लोकसेवा केंद्रावर मी बराच वेळ बसलो होतो. एक तरुण बाई पोराच्या शिष्यवृत्तीसाठी मूळ निवासी प्रमाणपत्र काढायला आली होती. प्लास्टिकच्या पिशवीत सगळं होतं : आधार, रेशनकार्ड, पोराचा दाखला. समग्र आयडी, म्हणजे राज्याचा कुटुंब-ओळख क्रमांक, तेवढा चालेना, कारण पंचायतीने कुटुंबातली तिची नोंद ‘बाहर’ अशी करून टाकली होती. ती राजकोटला सहा महिने विटा वाहत होती. काउंटरवरच्या मुलाने तिला ‘मावशी, सरपंचाकडून लिहून आणा’ असं नीट समजावलं. तो बिचारा दुसरं काय करणार. पण सरपंच कुठे आहे हे तिला ठाऊक होतं, मला नंतर कळलं : तोही इंदुरात राहतो.

मजुरीला जाणाऱ्यांची साधी नोंदवही ग्रामपंचायतीत ठेवता येईल. कोण गेलं, कुठे गेलं, कधी परतणार, एवढंच. तिच्यावर पंचायत सचिवाची सही असावी, आणि तात्पुरत्या गैरहजेरीचा पुरावा म्हणून ती मतदारयादी, समग्र आणि रेशन, तिन्हीकडे मानली जावी. रेशनच्या बाबतीत ‘एक देश, एक रेशनकार्ड’ने हे तत्त्व आधीच मान्य केलं आहे : माणूस सुरतेत असला तरी त्याचा गहू त्याला तिथे मिळतो आणि गावातलं नाव शाबूत राहतं. जे गव्हाला चालतं ते मताला का चालू नये?

तोवर वाचकांना एक विनंती. तुमच्या शेतावर, बांधकामावर किंवा घरी कामाला असलेल्या माणसाला त्याचं गावाकडच्या यादीतलं नाव तपासून द्या. मोबाइलवर पाच मिनिटांचं काम आहे. नाव नसेल तर फॉर्म ६ भरून द्या. रहिवासी नाही असं म्हणून नाव काढायचं असेल, तर त्याआधी त्या माणसाचं म्हणणं ऐकून घेणं नोंदणी अधिकाऱ्यावर १९५० च्या कायद्याच्या कलम २२ ने बंधनकारक आहे, आणि त्याच्या निर्णयावर पहिलं अपील जिल्हाधिकाऱ्याकडे करता येतं.