आवक-जावक

दिवाळी अंकात लेखकाने एखादी प्रेमाची, नाहीतर फराळाची गोष्ट सांगावी, असा संकेत आहे. मी मात्र या खेपेस कचेरीतल्या टपालाची गोष्ट सांगणार आहे. वाचकांनी रागावू नये. तुमच्या घरातले कोणी ना कोणी कचेरीत जात असणारच, आणि हल्ली तिथले बरेचसे टपाल पोस्टमनच्या पिशवीतून न येता संगणकाच्या पडद्यावर येते.

नोकरीची शेवटची काही वर्षे मी यावलला काढली. सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या बागांमध्ये वसलेले जळगाव जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव. एके काळी यावल जाड्याभरड्या देशी कागदाबद्दल प्रसिद्ध होते, असे जुन्या गॅझेटियरात आहे. तो धंदा केव्हाच बसला. पण कागदावरची श्रद्धा तेवढी माझ्यात शिरली असावी. ज्याला आवक क्रमांक नाही ते पत्रच नव्हे, हे माझे ब्रीद! महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटीचा दाखला माझ्यापाशी होता. परंतु पोहण्याचा दाखला मिळाला म्हणून कोणी लगेच तापी ओलांडायला निघत नाही. ई-मेल पाहण्याचे काम मी एका तरुण सहकाऱ्यावर सोपवले आणि मोकळा झालो.

पुढे त्याची बदली झाली, आणि पासवर्ड त्याच्या खिशातल्या डायरीतून त्याच्याबरोबर गेला. त्याच सुमारास आमचा एक शिपाई निवृत्त झाला होता व त्याच्या पेन्शनचे प्रकरण वर गेले होते. दर आठवड्याला तो येई, दाराशी चपला काढी आणि विचारी, "भाऊसाहेब, कागद येईन का या हप्त्यात?" मी आवक नोंदवही त्याच्यापुढे उघडून धरी आणि म्हणे, "नाना, अजून काही नाही. आला की निरोप धाडतो."

अखेर खटपट करून नवा पासवर्ड मिळवला आणि टपाल उघडले, तो नानाच्या जन्मतारखेविषयीची विचारणा सत्तेचाळीस दिवस तिथे पडून होती! उत्तर द्यायला मला दहा मिनिटे लागली.

त्या दिवसापासून मी त्या यंत्रापुढे बसू लागलो. आठ दिवसांत ध्यानात आले की, अरे, हे तर आपलेच जुने टपाल! १९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्र धाडले, तेव्हा माणसाचे नाव आणि त्याच्या यंत्राचे नाव यांच्यामध्ये त्याने 'ॲट'चे चिन्ह घातले. म्हणजे आपले 'मुक्काम पोस्ट'च की! 'सीसी' म्हणजे कार्बन कॉपी. टंकयंत्रात निळा कागद घालून आपण काढत होतो तीच प्रत. 'बीसीसी' ही तिची गुपचूप बहीण. ती कोणाला गेली, हे इतरांना दिसत नाही. शंभर जणांना एकच पत्र धाडायचे असेल, तर पत्ते तिथेच घालावेत. म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याच्या हाती पडत नाही.

तेव्हा जुनी शिस्तच इथेही चालवावी. विषयाच्या जागी विषय लिहावा. 'महत्त्वाचे' हा विषय नव्हे. 'अमक्याच्या जन्मतारखेचा खुलासा' हा विषय. एका पत्रात एकच काम. सहपत्र आधी जोडावे, मजकूर मग लिहावा आणि पत्ता सर्वांत शेवटी घालावा. म्हणजे 'सोबत जोडले आहे' असे लिहून रिकामे पत्र जाण्याची नामुष्की टळते. 'रिप्लाय ऑल' दाबण्यापूर्वी क्षणभर हात आवरावा. साहेबांविषयीचे आपले मत साऱ्या जिल्ह्याला कळवण्याची गरज नसते. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेले पत्र, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडले की नुसता अक्षरांचा चिवडा दिसतो. आणि वीज कोणाला सांगून जात नाही. म्हणून कंट्रोल आणि एस ही जोडी दर चार ओळींनी दाबावी, आणि महत्त्वाच्या फायलींची एक प्रत दुसरीकडे ठेवावी.

पासवर्ड म्हणजे कचेरीचा शिक्का. तो लांबलचक असावा, भिंतीवरच्या कॅलेंडरावर लिहू नये. चहाला उठताना विंडोजची कळ आणि एल दाबून संगणकाला कुलूप लावावे. बदली झाली की चार्ज यादीत कपाटाच्या किल्ल्यांबरोबर ई-मेलचीही नोंद हवी, आणि नव्या माणसाने त्याच दिवशी पासवर्ड बदलावा.

चोरही आता टपालातूनच येतात. 'आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे, पैसे नव्या खात्यात भरा,' असे ओळखीच्या नावाने पत्र येते. नाव पाहून भुलू नये, पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता अक्षर न् अक्षर वाचावा; आणि पत्त्यावरही विसंबू नये, कारण ओळखीच्या माणसाचे खातेच चोराच्या हाती गेलेले असू शकते. खात्रीसाठी पत्रातल्या नंबरावर नव्हे, आपल्या वहीतल्या जुन्या नंबरावर फोन करावा. ओटीपी कोणालाही सांगू नये. एवढे करूनही फसगत झालीच, तर लाजत बसण्यापेक्षा तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे टपाल दिवसातून दोनदा तरी पाहावे, 'स्पॅम'चा कप्पाही उघडावा, आणि कामाचे पत्र आले की नोंदवहीत चढवावे. माझी नोंदवही चुकीची नव्हती. ती अर्धीच होती.

पेन्शन सुरू झाले तेव्हा नानाने केळीची फणी आणून माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाला, "तुमच्यामुळं झालं, भाऊसाहेब." उशीर कोणामुळे झाला, हे त्याला सांगायचे धैर्य मला झाले नाही. ते आज इथे सांगून टाकले.

दिवाळीची सुट्टी संपवून तुम्ही कचेरीत जाल, तेव्हा लाडू-चकल्यांचे डबे जरूर उघडा. पण त्याआधी साचलेले टपाल उघडा. कोण जाणे, तुमच्याही दाराशी कोणी चपला काढून उभा असेल.