शोधायचं काम स्क्रिप्टचं, ‘इन्स्टॉल’ तुमच्या हाती

ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर अपडेट करणं म्हणजे कंटाळवाणं काम. वेबसाइटवर जा, मॉडेल निवडा, जडशी फाइल उतरवा, ‘नेक्स्ट-नेक्स्ट’ करत बसा. मग हॉस्टेलवरचा एखादा मित्र सुचवतो, ‘स्क्रिप्ट लिही ना लेका, सगळं आपोआप होते!’ लिहाच. पण इन्स्टॉल करायचा निर्णय तिच्यावर सोडू नका, असं माझं ठाम मत आहे.

नवा ड्रायव्हर चांगलाच असेल, असं नाही. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाने १९६.७५ हा ड्रायव्हर मागे घेतला. त्यामुळे काही कार्डांचे पंखे नीट फिरत नव्हते, कार्डं तापत होती. १९ जुलै २०२४ आठवतो? तेव्हा बिघाड ग्राफिक्सचा नव्हता, पण क्राउडस्ट्राइकचं एक सदोष अपडेट आपोआप पोचलं आणि जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर कोलमडले. आपल्याकडेही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले.

अचलपूर-परतवाड्यात काय किंवा अमरावतीत काय, आपल्यापैकी अनेकांचे लॅपटॉप जुने, सेकंडहँड. जीटीएक्स १०५० सारख्या कार्डांना ऑक्टोबर २०२५ नंतर नवे गेम ड्रायव्हर बंद झाले. ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त तिमाही सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. ‘सगळ्यात नवं ते आण’ एवढंच सांगितलेली स्क्रिप्ट तुमच्या कार्डाला न चालणारी फाइल आणेल आणि हॉटस्पॉटचा दिवसभराचा डेटा संपवेल.

म्हणून अपडेटच नको, असंही नाही. त्यातूनच सुरक्षेच्या फटी बुजतात. टास्क शेड्युलरमधून स्क्रिप्ट दर रविवारी चालवा. ‘एनव्हिडिया-एसएमआय’ या कमांडने सध्याचं व्हर्जन पाहून, तुमच्या कार्डासाठी नवं आलं असेल तर तिने नुसता निरोप द्यावा. मग दोन-चार दिवस थांबा, इतरांचा अनुभव बघा, रिस्टोअर पॉइंट करा, बॅटरी पूर्ण चार्ज करा (ऐन वेळी लाइट गेली तर?) आणि मगच इन्स्टॉल करा. सबमिशनच्या आठवड्यात तर हातच लावू नका.

आणि दुसऱ्याची स्क्रिप्ट अ‍ॅडमिनच्या अधिकारात चालवणं म्हणजे अनोळखी माणसाला घराची किल्ली देणं. ओळ न् ओळ समजत नसेल, तर चालवू नका.

कंटाळा खुशाल स्क्रिप्टच्या गळ्यात घाला, जबाबदारी नको. नाहीतर प्रोजेक्टच्या सकाळी स्क्रीन काळी आणि बाजूचा विचारेल, ‘काहून बा, काय झालं?’