‘कॉलेज कोणतं?’ हा प्रश्न जातीचाच आहे

नाशिकच्या वस्त्यांमधली आपली मुलं आता बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स आणि बीबीए-सीएला जातात. नाशिकरोड, सिन्नर, येवला. फी परवडेल आणि बस जाईल ते कॉलेज. मग आपल्यातलेच शिकलेले त्यांना म्हणतात, "त्या कॉलेजातून कोण घेणार तुला? एमपीएससी कर."

हा सल्ला आम्हाला मान्य नाही.

छोट्या कॉलेजात उणिवा आहेत, त्या झाकायच्या नाहीत. एका संगणकावर तिघं बसतात, प्राध्यापक तासिका तत्त्वावर, प्रॅक्टिकल वहीत उतरवूनच पूर्ण. पण डेटा स्ट्रक्चर सिन्नरला वेगळं आणि पुण्याला वेगळं नसतं. खरी गळती भरतीत होते. कंपन्या ठरावीक कॉलेजांतच कॅम्पसला जातात. बाकीच्यांनी ऑनलाइन अर्ज करायचा. त्यात अनेक ठिकाणी दहावी, बारावी, पदवी सलग साठ टक्के आणि शिक्षणात खंड नको. बारावीनंतर अंबडच्या कारखान्यात दोन-तीन वर्षं हेल्परी केलेला मुलगा तिथेच गळतो. त्याचा कोड कोणी उघडूनही पाहत नाही. खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही, त्यामुळे जात विचारायची गरजच उरत नाही. कॉलेज आणि खंड विचारला की भागतं. 2 मार्च 1930 ला काळारामाच्या दारात सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा अडवणारे निदान समोर उभे होते. इथे अडवणारा दिसत नाही, आणि अडवण्याला मेरिट म्हणतात.

बरं, मोठ्या कॉलेजनं तरी सुटका होते का? 2020 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सरकारी खात्यानं सिस्को कंपनीवर जातिभेदाचा दावा लावला. त्यातला दलित अभियंता आयआयटीत शिकलेला होता.

व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी 1942 च्या निवेदनात अनुसूचित जातींच्या मुलांसाठी विज्ञान आणि तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या. आपण मात्र तंत्रशिक्षण ज्याच्या त्याच्या करिअरवर सोडून दिलं. जयंतीच्या डीजेला वर्गणी निघते, विहारात स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका निघते. संगणक ठेवलेली अभ्यासिका कितीशी दिसते?

महाडीबीटीची शिष्यवृत्ती वर्ष संपायच्या आत खात्यावर आली पाहिजे, आणि ती रखडली म्हणून गुणपत्रक अडवणाऱ्या कॉलेजांवर कारवाई झाली पाहिजे. यासाठी समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे एकेकट्यानं अर्ज घेऊन जाणं आता बंद करू, वर्गच्या वर्ग घेऊन जाऊ. संगणकांचं सरकारवर सोडायचं कारण नाही. कार्यालयांतून मोडीत निघालेले चार संगणक विहारात बसवता येतात. लिनक्स फुकट आहे, जुन्या यंत्रावरही चालतं. आणि हिंजवडीत नोकरीला लागलेले आपले जे कोणी आहेत, त्यांच्याकडे वर्गणी नको, रविवारचे दोन तास मागू.