हात पुढे कर

माझं माहेर जैन कासारांचं. आजोबा पितळेची भांडी विकत आणि बांगड्या भरत. पैनगंगेच्या अलीकडच्या-पलीकडच्या गावांतून त्यांचं फिरणं असे, आणि दिवसभर तोंडी एकच वाक्य, "हात पुढे कर, बाई." हात बघितला की माप सांगत, सव्वादोन की अडीच. अंगठ्याच्या मुळाशी जे हाड असतं तिथं हात चोळून मऊ करायचा, बोटं जुळवायची आणि बांगडी हळूच वर सरकवायची. मला ते एक गोष्ट नेहमी सांगत: जिची मूठ आवळलेली आहे तिला बांगडी भरू नये. काच वाढते आणि हाताला लागतं. बांगडी "फुटली" असं आमच्या घरी कधी कुणी म्हणत नसे, "वाढली" म्हणत.

कासाराची नात असून मी हे विसरले, म्हणून हा लेख लिहिते आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या घरी लग्न होतं. अंगणात बांगड्या भरायला बायका बसल्या होत्या. माझ्या धाकट्या जाऊबाईंचं लेकरू, तेव्हा 19 वर्षांचं, कॉलेजातून आलेलं, केस बारीक कापलेले, भिंतीला टेकून उभं होतं. सगळ्यांचे हात भरून झाले तरी ते पुढे येईना. मी उठले, हसत हसत मनगट धरून ओढत आणलं आणि म्हटलं, "आण इकडे, मी भरते." मूठ आवळलेली होती. मी बोटं उघडली. दुसऱ्या बांगडीला काच वाढली आणि हाताला लागलं. मी हळद लावली, उरलेल्या भरल्या आणि सगळ्यांना दाखवलं, "बघा, आता कशी मुलीसारखी दिसते!" बायका हसल्या. मीही हसले. मला वाटलं, केवढं प्रेमाचं काम केलं.

तीन वर्षांनी हैदराबादहून नोकरीतून सुट्टीवर आल्यावर त्यानं मला सांगितलं, "मोठी आई, काच लागली त्याचं काही नाही. पण ते वाक्य अजून कानात आहे. मी मुलगी नाहीये. कधीच नव्हतो."

हो, "त्यानं." तो ट्रान्स पुरुष आहे. जन्मल्यावर दाईनं मुलगी म्हणून सांगितलं, शाळेच्या दाखल्यावर तसंच लिहिलं गेलं, पण स्वतःच्या मनाला तो पहिल्यापासून पुरुष म्हणूनच ओळखतो. मला हे समजायला वेळ लागला आणि अजूनही सगळं समजलंय असा माझा दावा नाही. पण समजेपर्यंत माणसाला दुखवत राहायचं, असा नियम कुठे लिहिलाय?

आपल्याला तृतीयपंथी म्हटलं की दुकानावर टाळी वाजवत येणाऱ्या साडीतल्या व्यक्ती आठवतात. त्यांना आपण घाबरून का होईना, ओळखतो. त्यांचे गुरू असतात, घराणी असतात, एकमेकींचा आधार असतो. मुलगी म्हणून वाढवलेला मुलगा मात्र आपल्याला दिसतच नाही. कारण तो घरात असतो. त्याला घराबाहेर पडायचीच मुभा नसते, आणि विसाव्या-बाविसाव्या वर्षी "लग्न केलं की ठीक होईल" म्हणून त्याला कुणाच्या तरी घरी पाठवून दिलं जातं. हे पाठवणारे हात कुणाचे? बायांनो, आपलेच.

त्याच्याशी बोलताना मी विचारलं, नेमकं काय टोचतं? मला वाटलं, काही मोठं सांगेल. त्यानं सांगितलेल्या गोष्टी अगदी बारक्या. वाढदिवसाला मिळणारं लेडीज घड्याळ. पाकीट ठेवायला खिसाच नसलेला कुर्ता आणि मग हातात दिली जाणारी पर्स. हळदीकुंकवाला न विचारता कपाळावर येणारं बोट. चपलांच्या दुकानात "मॅडम, इकडे या." ओढणी कुठाय, म्हणून बघणारे डोळे. एकेक गोष्ट आपल्याला क्षुल्लक वाटते. पण रोज सकाळी उठून दुसऱ्याच्या नावाचा बिल्ला छातीवर लावून गावभर फिरायचं असेल, तर कसं वाटेल? आणि बिल्ला काढला की घरचे म्हणतात, नाटकं करतो.

बसचीच गोष्ट घ्या. 9 डिसेंबर 2023 पासून आपल्या तेलंगणात महालक्ष्मी योजनेत बायकांना बसचा प्रवास फुकट आहे. ट्रान्सजेंडर व्यक्तींनाही आहे. मी स्वतः आधार कार्ड दाखवते, शून्य रुपयाचं तिकीट घेते आणि निर्मलला बहिणीकडे जाऊन येते. तो मात्र पूर्ण पैसे मोजतो. कारण आधारवर "स्त्री" आहे आणि समोर मिसरूड फुटलेला मुलगा. कार्ड दाखवलं की माना वळतात, एखादा हसतो, एखादा विचारतो की कार्ड कुणाचं चोरलं. तो म्हणतो, "तिकिटाचे पैसे मी शांततेसाठी देतो." हक्काची सवलत सोडून माणूस शांतता विकत घेतो, आणि आपण म्हणतो, याला असं होण्यात कसला तरी फायदा दिसत असेल.

दुसरी गोष्ट भाषेची. आपण आदिलाबादची माणसं, घरात मराठी, बाजारात तेलुगू. तेलुगूत "नेनु वच्चानु" हे बाईही म्हणते आणि पुरुषही. मराठीत मात्र "मी आले" की "मी आलो," हे दारातच ठरवावं लागतं. समोरचाही "कधी आलीस" की "कधी आलास" असंच विचारणार. तो मला म्हणाला, लहानपणी घरातसुद्धा तेलुगू बोलायचो, तुम्ही रागवायचा, मराठी विसरला म्हणून. ऐकून माझ्या पोटात कालवलं. स्वतःची मायबोली लेकराला टोचत होती, आणि आम्हाला वाटत होतं, त्याला तिची लाज वाटते. खरं तर आपली मराठी इतकी कडकही नाही. आपण लेकीला लाडानं "अरे सोन्या" म्हणतोच की. कोल्हापूरकडच्या पोरी बिनदिक्कत "मी जातो" म्हणतात. लाडात जे चालतं ते आदरानं का चालू नये?

आता मूळ बांगडीकडे येते. आपल्या भाषेत पुरुषाला हिणवायचं तर काय म्हणतात? "हातात बांगड्या भरल्यात का?" मोर्चे निघतात, साहेबाच्या टेबलावर बांगड्यांचा आहेर ठेवला जातो आणि त्यात बायकाच पुढे असतात. आपलं सौभाग्याचं लेणं आपणच शिवी म्हणून वापरतो! या अपमानाबद्दल मी वेगळं भांडेन. पण एवढं तर आपल्याला पक्कं ठाऊक आहे, की स्वतःला पुरुष समजणाऱ्या माणसाच्या हातात जबरीनं बांगडी घालणं म्हणजे काय. ठाऊक असूनही आपण ते घरच्या लेकराला करतो आणि वर त्याला संस्कार म्हणतो.

कुणी म्हणेल, बाईचे अलंकार नाकारणं म्हणजे बाईपणाचा अपमान. मग मला सांगा, या अलंकारांवर आपला तरी हक्क कधी होता? लग्नात दुसऱ्यांनी भरायचे, नवरा गेला की दुसऱ्यांनी उतरवायचे. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला, की विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. महाराष्ट्र सरकारनंही नंतर तो कित्ता इतर गावांपुढे ठेवला. आपण टाळ्या वाजवल्या. का वाजवल्या? कारण बाईच्या हातावर काय राहावं ते तिनं ठरवावं, हे आपल्याला पटलं. मग तेच माप त्याच्या हाताला लावा. नको असताना उतरवणं जुलूम आहे तर नको असताना चढवणंही जुलूमच.

आणि उतरवण्याचा कायदा तर आपल्याच मुलखात होता. निजामाच्या हैदराबाद संस्थानात 1919 मध्ये, म्हणजे 1329 फसलीत, हिजड्यांविषयी एक कायदा झाला. नोंद झालेली व्यक्ती बायकी वेषात किंवा दागिने घालून रस्त्यावर दिसली तर वॉरंटशिवाय अटक. संस्थान गेलं, राज्यं बदलली, कायदा पुस्तकात तसाच राहिला. जुलै 2023 मध्ये तेलंगणा उच्च न्यायालयानं तो रद्द केला. सरकारी कायदा गेला, पण घरातला कायदा चालूच आहे: एकाला दागिना घातला म्हणून मार, दुसऱ्याला घातला नाही म्हणून मार.

आपल्या मंडळात हा विषय काढला तेव्हा एक बाई म्हणाल्या, "हे आपल्या धर्मात बसत नाही." मला हसू आलं. अहो, जगात कुणी यावर बारकाईनं विचार केला असेल तर आपल्या आचार्यांनी! शरीराचं लिंग ते द्रव्य, आतला भाव तो वेद. स्त्रीवेद, पुरुषवेद, नपुंसकवेद, तिन्ही मोहनीय कर्माच्या नोकषायांत मोजलेले. गोम्मटसारात सांगितलंय, की द्रव्य आणि भाव बहुतेक वेळा जुळतात, क्वचित जुळत नाहीत. हे "क्वचित" आपण वाचलं नाही की वाचून विसरलो? आपल्या दिगंबर परंपरेत स्त्रीच्या मोक्षाचा वाद आला, तेव्हा आगमातल्या "मनुष्यिणी" शब्दाचा अर्थ आचार्यांनी असाच लावला, देह पुरुषाचा आणि भाव स्त्रीचा. शास्त्रार्थात देह आणि भाव वेगळे असू शकतात, मग जाऊबाईंच्या घरात का नाही?

आणखी एक. नऊ नोकषायांच्या त्याच यादीत जुगुप्साही आहे. म्हणजे किळस. त्याचा वेद कर्माचा उदय आहे म्हणून आपण नाक मुरडतो. ते नाक मुरडणंही कर्मच, आणि ते बांधतोय आपण. आत्म्याला तर कुठलंच लिंग नाही, हे आपण दर स्वाध्यायात ऐकतो आणि मंदिराची पायरी उतरताना विसरतो.

आर्यिका माताजी येतात तेव्हा आपण रांगेत उभं राहून वंदामि करतो. त्यांच्या हातात बांगडी नाही, कपाळावर कुंकू नाही, केस स्वतःच्या हातानं उपटलेले. त्यांना आपण कधी म्हणतो का, की बाईसारख्या दिसत नाही? माझा पुतण्या काही विरागी नाही. त्याला चांगला शर्ट हवा, मोटारसायकल हवी, मोठ्या डायलचं घड्याळ हवं. त्यागाची बरोबरी मी करत नाही. मी एवढंच म्हणते, की बिनबांगडीचा हात बघायची सवय आपल्या डोळ्यांना आहे. सवय नाही ती समोरच्याचं ऐकून घेण्याची.

"मग जीन्स घालणाऱ्या सगळ्या पोरी मुलगेच का?" नाही. जीन्समधली मुलगी स्वतःला मुलगी म्हणते, तो म्हणत नाही. फरक कपड्यात नाहीच. म्हणून उलटी परीक्षाही घेऊ नका. एखाद्या ट्रान्स पुरुषाला कानात बाळी आवडेल; आपल्याकडे भिकबाळी पुरुषच घालत आले. "पुरुष आहेस तर सिलिंडर उचलून दाखव" हाही छळच.

काहींना डॉक्टरचा कागद लागतो. बीड जिल्ह्यातल्या माजलगावचे पोलीस शिपाई ललित साळवे यांचं नाव आपण सगळ्यांनी वाचलंय. महिला शिपाई म्हणून भरती झालेले. शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, ती मिळेना, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि 2018 च्या मे महिन्यात मुंबईच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. पुढे ते पुरुष म्हणून नोकरीवर रुजू झाले, लग्न झालं. मला त्यांच्या धीराचं कौतुक वाटतं. पण लोकांनी त्यांना लवकर स्वीकारलं त्यात तपासणीत निघालेल्या वाय गुणसूत्राचाही वाटा होता, हे विसरू नका. ज्याच्या रक्तात असा पुरावा निघत नाही त्याचं काय? सर्वोच्च न्यायालयानं 15 एप्रिल 2014 च्या नालसा निकालात म्हटलं होतं, की आपली लिंगओळख माणसानं स्वतः ठरवायची, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालू नये. न्यायाधीशांना जे पटलं ते सांगणाऱ्याचं ऐकून. घरच्यांना रक्ताचा रिपोर्ट का लागावा?

दरवर्षी क्षमावाणीला आपण शेकडो मोबाईलवर "उत्तम क्षमा" पाठवतो. मी गेल्या वर्षी एकालाच फोन केला आणि त्या दिवसाबद्दल, त्या वाक्याबद्दल माफी मागितली. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मोठी आई, जेवलीस का?" याहून मोठी क्षमा मला कुठे मिळणार होती?

येत्या माघात घरी पुन्हा लग्न आहे. बांगड्यांची माणसं येतील, अंगणात बायका बसतील. पुरुषांसाठी फेट्यांची यादी मी केली आहे आणि त्यात त्याचं नाव लिहिलंय. जाऊबाईंनी यादी वाचली, काही बोलल्या नाहीत, पण नाव खोडलंही नाही. ज्यांना बोलायचं असेल त्यांनी माझ्याशी बोलावं, त्याच्याशी नाही. आणि तुमच्या घरच्या लग्नात एखादी मूठ आवळलेली दिसली, तर कासाराच्या नातीचं एवढं ऐका: ती उघडू नका.