फेसापलीकडचे
फेस जितका जास्त तितके कपडे स्वच्छ, असे आपण धरूनच चालतो. नॉन-आयॉनिक द्रव्यांना फेस बेताचाच येतो. पण रेणूवर विद्युतभार नसल्याने विहिरीच्या जड पाण्यातही ती तेलकट मळ सोडवतात. त्यांतलेच एक नॉनिलफिनॉल इथॉक्सिलेट. इंग्लंडात एअर नदीकाठच्या लोकर धुणाऱ्या गिरण्या ते वापरीत. नदीत त्याचे विघटन अर्धवटच होते आणि उरलेले नॉनिलफिनॉल स्त्री-संप्रेरकाची नक्कल करते. १९९० नंतरच्या दशकात तेथल्या नर माशांच्या रक्तात अंड्यातील बलकाचे प्रथिन आढळले! युरोपने २००५ पासून धुलाईतील त्याच्या वापरावर निर्बंध घातले. मी पाहिलेल्या पुड्यांवर मात्र 'नॉन-आयॉनिक' एवढेच, तेही छापले असेल तर. विषय रसायनवाल्यांचा म्हणून आम्हा कलाशाखेच्या मंडळींनी हात झटकावेत, हे मला पटत नाही. पुड्यावर घटकाचे पूर्ण नाव छापलेच पाहिजे, आणि तेही मराठीत.