माऊस कोणाच्या हातीं ?

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं आमच्या एका माजी विद्यार्थ्याची आई शाळेंत आली. मुलगा दहावीच्या परीक्षेंत चांगल्या रीतीनें उत्तीर्ण झालेला. त्याचा अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज तिनें बाजारांतील एका दुकानांत भरून घेतला होता. २०२५ पासून हा प्रवेश साऱ्या महाराष्ट्रांत संगणकावरूनच होऊं लागला आहे, हें पालकांस ठाऊक आहेच. अर्जांतील महाविद्यालयांचा पसंतीक्रम चुकला होता व तो मुदतींत बदलावयाचा होता. परंतु परवलीचा शब्द, ज्यास आपण पासवर्ड म्हणतों, तो दुकानदारानें आपल्याच मनानें ठरविलेला. अर्जास जोडलेला मोबाईल क्रमांकही त्याचाच. ओटीपी यावयाचा तो त्याच्या फोनवर, आणि दुकानास कुलूप ! गृहस्थ लग्नानिमित्त परगांवीं गेले होते. मुदत टळली. मुलास पुढच्या फेरींत प्रवेश मिळाला खरा, पण रोज दोन गाड्या बदलून जावें लागतें अशा ठिकाणीं. "सर, सारें त्यांनींच केलें, मी नुसती शेजारीं बसलें होतें," असें ती माउली म्हणाली.

दुकानदारास दूषण देण्याचा आमचा हेतु नाहीं. त्यानें लबाडी केली नाहीं. दिवसाला पन्नास अर्ज भरणाऱ्या माणसानें आपली सोय पाहिली, इतकेंच. आम्हांस खटकलें तें "शेजारीं बसलें होतें" हें. आपल्या मुलाच्या भवितव्याचा कागद लिहिला जात असतां आईनें शेजारीं बसावें, आणि घराची किल्ली परक्याच्या खिशांत राहावी, ही स्थिति चांगली नव्हे.

बरें, घरांत मुलगा होता, तो तर फोन हाताळण्यांत पटाईत ! मग त्यानें अर्ज कां भरला नाहीं ? आम्हीं विचारतां तो खालीं मान घालून म्हणाला कीं, छायाचित्र सांगितलेल्या मापाचें करणें त्यास जमलें नाहीं व उतरवून घेतलेला दाखला कोठें गेला तो सांपडेना. हा अनुभव आम्हांस शाळेच्या संगणकखोलींत नित्य येतो. जीं मुलें फोनवर क्षणांत शंभर चित्रें सरकवितात, त्यांस एखादी फाईल कोठें ठेवली, तिचें नांव काय, ती किती मोठी, हें सांगतां येत नाहीं. फोन सारें आपणच कोठें तरी ठेवून देतो. संगणकावर मात्र तें आपण ठेवावें लागतें, जसे आपण दाखले दप्तरांत लावून ठेवतों. तेव्हां "आमच्या मुलाला सारें येतें" या समजुतींत पालकांनीं राहूं नये, आणि विद्यार्थ्यांनींही नये.

येथें आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. त्या बाईंस आम्हीं त्याच दिवशीं संगणकासमोर बसविलें. त्यांनीं माऊस हातीं घेतला. पडद्यावरील बाण इकडे न जातां तिकडे जाऊं लागला. दोन मिनिटें झालीं, चार झालीं, आणि "असूं द्या, मी करून देतों," असें म्हणून आम्हींच त्यांच्या हातून माऊस काढून घेतला. वीस वर्षें शिकविण्याचें काम करून आम्ही दुकानदाराहून निराळे ठरलों नाहीं. घरोघरीं मुलें आईबापांशीं असेंच वागतात. "आई, तुला नाहीं जमणार, दे इकडे" या शब्दांनीं काम होतें, पण शिकणें तेथेंच थांबतें. आमचें मत असें कीं, नवशिक्यास शिकविणाऱ्यानें पहिल्या दिवसापासून आपले हात मागें बांधावे. बोलून सांगावें, बोटानें दाखवावें. माऊस मात्र शिकणाऱ्याच्या हातीं राहावा, मग एका ओळीस अर्धा तास लागला तरी बेहत्तर.

हें कौशल्य जन्मतः कोणासही येत नाहीं. लांकडी ठोकळ्यास दोन चाकें बसवून पहिला माऊस अमेरिकेंत १९६४ च्या सुमारास तयार झाला, आणि डग्लस एंगेलबार्ट यांनीं तो ९ डिसेंबर १९६८ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें प्रथम लोकांपुढें चालवून दाखविला. त्यापूर्वीं जगांतील मोठमोठे पंडितही या बाबतींत आपल्या आजीइतकेच अडाणी होते ! १९९० सालापासून विंडोजबरोबर पत्त्यांचा सॉलिटेअर नांवाचा डाव येऊं लागला. वस्तु धरून ओढण्याची व योग्य जागीं सोडण्याची संवय नवशिक्याच्या हातास त्यानें सहज लागते. पत्त्यांस आमच्या शाळेंत थारा नाहीं, परंतु या एका डावास आम्ही डोळेझांक करतों.

प्रौढ वयांत शिकण्याची लाज वाटते, असें पुष्कळ पालक सांगतात. त्यांस आम्ही लक्ष्मीबाई टिळकांचें स्मरण देतों. शाळेचें तोंड त्यांनीं पाहिलें नव्हतें. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, रेव्हरंड टिळकांच्या आग्रहामुळें. त्याच बाईंची 'स्मृतिचित्रें' १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलीं आणि तीं आज मराठीचें भूषण मानलीं जातात.

लाजेहून मोठी अडचण भीतीची आहे. "चुकून कांहीं दाबलें तर बिघडेल," हें वाक्य आम्हीं ज्याच्या तोंडून ऐकलें नाहीं असा नवशिका विरळा. त्यास आरंभींच दोन प्रकारच्या चुका निराळ्या करून दाखवाव्या. लिहितांना अक्षर चुकलें, मजकूर पुसला गेला, चित्र वांकडें बसलें, तर कंट्रोल व झेड या दोन कळा एकदम दाबतांच केलेलें मागें घेतां येतें. अशा चुका मनसोक्त कराव्या. त्यांवांचून हात बसत नाहीं. परंतु पैसे पाठविणें, अर्ज अंतिम म्हणून सादर करणें, ओटीपी दुसऱ्यास सांगणें, या गोष्टी सुटलेल्या बाणासारख्या आहेत. तेथें हात उचलून दोन वेळां वाचावें. ज्यास हा भेद कळला त्यास अर्धा संगणक आला, असें समजण्यास हरकत नाहीं. आम्ही मात्र याच्या उलट शिकवितों : पहिल्या प्रकारच्या चुकीबद्दल मुलें आईवर खेंकसतात, आणि दुसऱ्या प्रकाराविषयीं कोणी बोलतच नाहीं.

इंटरनेटवर हा भेद विशेष महत्त्वाचा. पत्त्याशेजारीं कुलपाचें चिन्ह दिसलें म्हणजे सारें सुरक्षित, असें कित्येकांस वाटतें. त्याचा अर्थ इतकाच कीं पाकीट वाटेंत कोणी फोडीत नाहीं. पाकीट घेणारा सज्जन आहे, अशी ग्वाही तें कुलूप देत नाहीं. सरकारी संकेतस्थळांचे पत्ते बहुधा जी-ओ-व्ही डॉट इन किंवा एन-आय-सी डॉट इन असे संपतात, तें शेवट नीट पाहावें. पैसे घेण्यासाठीं यूपीआयचा पिन कधींच लागत नाहीं. जो मागतो तो पैसे देणारा नसून नेणारा आहे. आणि एवढेंही करून फसगत झालीच, तर संकोच न धरितां १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें.

कोणी म्हणेल, आतां तोंडानें बोललें कीं यंत्र लिहितें, प्रश्न केला कीं उत्तर देतें. मग हा खटाटोप कशास? यंत्र लिहितें हें खरें, पण तें आपल्या आडनांवाचें काय करतें तें एकदां पाहावें ! लिहिलेलें तपासून दुरुस्त करणारा हात पाहिजेच. शिवाय मराठी लिहिण्यास रोमन अक्षरांच्या कुबड्या घ्याव्या लागतात हा समजही चुकीचा आहे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर स्वर व काना-मात्रा डाव्या हाताकडे, व्यंजनें बहुतेक उजवीकडे. 'क' च्या कळेवरच शिफ्ट धरून 'ख', 'ग' च्या कळेवर 'घ'. ज्यानें पाटीवर बाराखडी गिरविली त्यास ही मांडणी परकी वाटूं नये.

त्या बाई पुढें चार शनिवार आल्या. चौथ्या शनिवारीं त्यांनीं मुलाच्या शिष्यवृत्तीच्या अर्जासाठीं आपल्या स्वतःच्या क्रमांकावर खातें उघडलें, परवलीचा शब्द आम्हांस पाठ फिरवावयास लावून टाईप केला, व घरच्या वहींत लिहून ठेवला. पुढील वर्षीं जूनपासून दर शनिवारीं शाळा सुटल्यावर दोन तास संगणकखोली पालकांसाठीं उघडी राहील. मुलांनीं बरोबर यावें. त्यांस बसावयास खुर्ची मिळेल, मात्र ती कळफलकापासून दोन हात दूर.